वय लहान, यादी मोठी: बिझनेस स्कूलला अर्ज करणाऱ्या तरुणांसाठी

विशी ओलांडते न ओलांडते तोच ज्यांच्या नावावर बरेच काही जमा झालेले असते, अशा मुलामुलींचे बिझनेस स्कूलचे अर्ज पाठवण्यापूर्वी वाचून देण्याचा योग मला दरवर्षी येतो. कोणी सीएच्या अंतिम परीक्षेत देशपातळीवर क्रमांक मिळवलेला असतो, कोणी महाविद्यालयात असतानाच छोटा धंदा उभा केलेला असतो, कोणी राज्यस्तरावर बुद्धिबळ खेळलेले असते. दादर, पार्ले, ठाणे, डोंबिवली अशा ठिकाणांहून आलेल्या या मसुद्यांत हुशारीची कमतरता कधीच नसते. दोष असतो तो एकाच प्रकारचा: वयाची उणीव यादीच्या लांबीने भरून काढता येईल अशी अर्जदाराची समजूत झालेली असते.

हा दोष मला लगेच ओळखू येतो, कारण तो माझाच आहे. तेविसाव्या वर्षी मी पहिला अर्ज केला तेव्हा एका निबंधात अकरा पारितोषिकांचा उल्लेख केला होता, आणि आलेला नकार चार ओळींचा होता. दोन वर्षांनी तोच निबंध पुन्हा वाचला, तेव्हा या मुलाला भेटावे असे मलाही वाटले नाही. त्यात त्याने काय मिळवले ते सगळे होते; त्याने कधी काय ठरवले, का ठरवले आणि त्याचा परिणाम कोणाला भोगावा लागला, यातले काहीच नव्हते. पुढे जे लिहीत आहे ते मुख्यतः एवढ्या एका फरकाविषयी आहे.

अनुभव का मागतात

बिझनेस स्कूल अनुभवाचा आग्रह का धरतात, हे आधी समजून घ्यावे, कारण अर्जातील प्रत्येक उत्तराची दिशा त्यावरून ठरते. हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये शिकवणे प्रामुख्याने केस पद्धतीने चालते. एखाद्या कंपनीसमोरचा खरा पेच काही पानांत मांडलेला असतो, सुमारे ९० विद्यार्थ्यांची तुकडी तो आदल्या रात्री वाचून येते, आणि वर्गात प्राध्यापक व्याख्यान देण्याऐवजी प्रश्न विचारत राहतात. दोन वर्षांत अशा सुमारे ५०० केस होतात. शेजारी बसलेला विद्यार्थी काय बोलतो यावरच तुमचे निम्मे शिक्षण अवलंबून असल्यामुळे, प्रवेश समिती ‘हा हुशार आहे का’ एवढ्यावर थांबत नाही. हा बोलायला लागला की बाकीच्यांच्या पदरात काय पडेल, हेही ती पाहते. अशा वर्गांत बहुतेकांना साधारण पाच वर्षांच्या नोकरीचा अनुभव असतो. बाविशीच्या अर्जदाराने वर्षांची ही तूट मान्य करावी आणि आपण काय जवळून पाहिले आहे ते सांगावे. वडिलांच्या दुकानात उधारीची वही सांभाळलेल्या मुलाने रोख आणि नफा यांतला फरक पुस्तकाआधीच पाहिलेला असतो, पण त्याच्या अर्जात ती वही कुठेच नसते.

कोणत्या दाराने जायचे

महाविद्यालयाच्या शेवटच्या वर्षात असलेल्यांसाठी एक वेगळे दार आहे आणि मुंबईत त्याची माहिती बहुधा उशिरा पोहोचते. त्याला डिफर्ड अ‍ॅडमिशन म्हणतात: अर्ज आत्ता करायचा, प्रवेश आत्ता मिळवायचा, आणि काही वर्षे नोकरी करून मग वर्गात जायचे. हार्वर्डचा ‘टू प्लस टू’, व्हॉर्टनचा मोएलिस अ‍ॅडव्हान्स अ‍ॅक्सेस प्रोग्रॅम, शिकागो बूथचा बूथ स्कॉलर्स, एमआयटी स्लोनचे अर्ली अ‍ॅडमिशन, तसेच स्टॅनफर्ड आणि कोलंबिया यांचे कार्यक्रम या जातीचे आहेत. हार्वर्डमध्ये मधला काळ किमान दोन आणि कमाल चार वर्षांचा असतो. स्लोन, बूथ आणि कोलंबिया पाच वर्षांपर्यंत मुभा देतात. येल मात्र वेगळ्या वाटेने जाते. तिथल्या सिल्व्हर स्कॉलर्स कार्यक्रमात पदवीनंतर थेट एमबीएचे पहिले वर्ष होते, मग काम, आणि त्यानंतर दुसरे वर्ष.

या दाराला एक अट आहे. पदवी संपवून पूर्णवेळ नोकरीला लागलात की ते बंद होते. म्हणूनच टीवायच्या दिवाळीत ज्याला याचा पत्ता लागतो तो घाईत असतो, आणि नोकरीच्या पहिल्या पगारानंतर ज्याला लागतो त्याच्या हाती हळहळ उरते. बहुतेक कार्यक्रमांची मुदत एप्रिलच्या आसपास, म्हणजे नेमकी विद्यापीठाच्या परीक्षांच्या हंगामात येते. एसवायच्या मे महिन्याच्या सुट्टीत जीमॅट किंवा जीआरई ही प्रवेशपरीक्षा उरकून टाकणे हा त्यावरचा सर्वांत सोपा उपाय आहे. तीन वर्षांची बीकॉम किंवा बीएमएस पदवी चालेल का, ही शंका मुंबईत हमखास निघते. हार्वर्ड आणि स्टॅनफर्ड तीन वर्षांची भारतीय पदवी स्वीकारतात. इतरांचा नियम त्या त्या संस्थेच्या पात्रतेच्या पानावर पाहावा आणि संदिग्ध वाटल्यास प्रवेश कार्यालयाला ईमेल करून उत्तर लेखी घ्यावे. सीएच्या आर्टिकलशिपची वर्षे अनुभवात धरतात की नाही, हेही असेच लेखी विचारावे. मित्राच्या मित्राला काय सांगितले होते, यावर विसंबू नये.

हार्वर्डच्या टू प्लस टू कार्यक्रमाबाबत आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. एमबीएकडे सहसा न वळणाऱ्या वाटांवरचे विद्यार्थी त्यांना विशेष हवे असतात: प्रत्यक्ष उत्पादन किंवा सेवा देणाऱ्या कंपनीत जाणारे, तांत्रिकदृष्ट्या अवघड काम करणारे, स्वतःचा उद्योग काढणारे, किंवा घरातून महाविद्यालयात जाणारी पहिलीच पिढी असलेले. भांडुपच्या कारखान्यात प्रशिक्षणार्थी म्हणून रुजू होणार असलेल्या अभियंत्याने ‘आपली नोकरी झगमगीत नाही’ म्हणून संकोचू नये, हा त्याचा व्यावहारिक अर्थ.

भारतातील संस्थांचे दार याहून वेगळे आहे आणि तिथे तुमच्या कर्तृत्वाची किंमत वेगळ्या टप्प्यावर होते. कॅट ही आयआयएमची प्रवेशपरीक्षा नोव्हेंबरच्या अखेरीस होते. भाषा, विदा (डेटा) व तर्क आणि गणित असे तीन विभाग प्रत्येकी ४० मिनिटांचे असतात. पदवीला ५० टक्के गुण हवेत, अनुसूचित जाती, जमाती आणि दिव्यांगांसाठी ४५, आणि शेवटच्या वर्षातले विद्यार्थीही बसू शकतात. आयआयएम अहमदाबाद मुलाखतीला बोलावताना दहावी, बारावी आणि पदवीचे गुणही मोजते, त्यामुळे दहावीच्या सुट्टीत गाजवलेली स्पर्धा तिथे दहावीच्या टक्क्यांची भरपाई करत नाही. पवईचे नीटी २०२३ मध्ये आयआयएम मुंबई झाले, म्हणजे आता आयआयएमसाठी शहर सोडावेच लागेल असे नाही. चर्चगेटचे जमनालाल बजाज हे त्याहून टोकाचे उदाहरण: १९६५ साली मुंबई विद्यापीठाने स्टॅनफर्डच्या सहकार्याने ही संस्था काढली, पण आज तिच्या एमएमएस अभ्यासक्रमाचा प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून, परीक्षेतील गुणक्रमाने होतो. तिथे तुमच्या कंपनीची उलाढाल कोणी विचारत नाही. काहींना हे अन्यायाचे वाटते. मला तरी त्यात एक स्वच्छपणा दिसतो, कारण तिथे किमान कोणाचा मामा कोण आहे हेही कोणी विचारत नाही.

इंडियन स्कूल ऑफ बिझनेसचा एक वर्षाचा मूळ अभ्यासक्रम किमान दोन वर्षांचा अनुभव मागतो. युरोपात जाऊ इच्छिणाऱ्या नव्या पदवीधरांनी एमबीएच्या मागे न लागता मास्टर्स इन मॅनेजमेंटचा विचार करावा. लंडन बिझनेस स्कूल आणि एचईसी पॅरिस येथील हे अभ्यासक्रम मुळात अनुभव नसलेल्यांसाठीच आखलेले आहेत.

माझा सल्ला विचाराल तर असा: शेवटच्या वर्षात असाल तर दोन किंवा तीन डिफर्ड अर्ज मनापासून करा आणि कॅटही द्या. नोकरीला एखादेच वर्ष झाले असेल तर थांबा. त्या वर्षी तुम्ही ना धड विद्यार्थी असता, ना धड अनुभवी. विद्यार्थ्यांसाठीचे दार बंद झालेले असते आणि नोकरीत स्वतःच्या अधिकारात ठरवलेले असे सांगण्याजोगे अजून काही घडलेले नसते. तिसऱ्या वर्षी केलेला अर्ज याहून कितीतरी भक्कम उभा राहतो.

परीक्षा आणि पासपोर्टवरचे नाव

परीक्षेवर फार लिहिण्यासारखे नाही; तिचा अभ्यास कसा करावा हे सांगणारे क्लास दर स्टेशनाबाहेर आहेत. सध्याची जीमॅट २ तास १५ मिनिटांची असून तिचे गुण २०५ ते ८०५ या पट्टीवर मिळतात आणि पाच वर्षे ग्राह्य धरले जातात, जीआरईचेही तसेच. यादी मोठी असलेल्यांना वाटते की आपल्याला गुणांत सूट मिळेल. ती मिळत नाही. उलट तरुण अर्जदाराकडे नोकरीतला पुरावा कमी असल्याने त्याच्या गुणांकडे अधिकच बारकाईने पाहिले जाते.

अडचण येते ती भलत्याच ठिकाणी. भारतात जीमॅटला ओळखपत्र म्हणून पासपोर्टच लागतो आणि नोंदणीतले नाव त्यावरील नावाशी तंतोतंत जुळावे लागते. आपल्याकडे विद्यापीठाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि शेवटी आईचे नाव येते. पासपोर्टवर वडिलांचे नाव स्वतःच्या नावाला जोडलेले असते आणि आडनाव वेगळ्या रकान्यात असते. आधारवर आणखी तिसराच प्रकार असू शकतो. नोंदणी करताना पासपोर्ट समोर उघडा ठेवावा आणि त्यावरचे रकाने जसेच्या तसे उतरवावेत. पुढचे सर्व अर्ज त्याच नावाने करावेत आणि गुणपत्रिकेवरील क्रम का वेगळा आहे याची एक ओळ अतिरिक्त माहितीच्या रकान्यात लिहावी.

रेझ्युमे

एक पान. परदेशी संस्थांसाठीच्या पानावर दहावीचे टक्के, शाळेतील वक्तृत्वाची ढाल आणि ‘एमएस ऑफिस येते’ हे तिन्ही नकोत. प्रत्येक ओळीला स्वतःच विचारावे: मी नसतो तर काय वेगळे झाले असते? उत्तर ‘काहीच नाही’ असेल, तर ती ओळ काढावी. आकडे मात्र जपून द्यावेत, कारण प्रवेश दिल्यानंतर अनेक संस्था त्रयस्थांकडून माहितीची पडताळणी करून घेतात, आणि ‘चाळीस जणांचे नेतृत्व’ म्हणजे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचे सदस्य निघाले तर मिळालेला प्रवेश हातचा जातो.

निबंध: पावतीपुस्तकाची गोष्ट

अर्जाचा जीव निबंधात असतो आणि तरुण अर्जदार नेमका इथेच चुकतो, म्हणून एका मसुद्याकडे जरा जवळून पाहू. लालबागच्या एका चाळीत वाढलेला मुलगा विसाव्या वर्षी तिथल्या गणेशोत्सव मंडळाचा खजिनदार झाला होता. पहिल्या मसुद्यात ही गोष्ट दोन ओळींत उरकलेली होती, बहुधा परदेशी वाचकाला मंडळ काय कळणार अशा संकोचाने, आणि त्या ओळी अशा होत्या: ‘मी मंडळाचे आर्थिक व्यवहार डिजिटल केले. त्यामुळे पारदर्शकता वाढली आणि माझ्यातील नेतृत्वगुण विकसित झाले.’ उरलेली जागा एका नामांकित बँकेतल्या दोन महिन्यांच्या इंटर्नशिपने व्यापलेली होती, जिथे त्याने, मी खोदून विचारल्यावर कळले, मुख्यतः एक्सेलच्या फायली जुळवल्या होत्या.

मंडळात नेमके काय घडले, असे विचारले तेव्हा तो अर्धा तास बोलत होता. वर्गणी गोळा करायची जुनी पद्धत म्हणजे संध्याकाळी दोन कार्यकर्ते पावतीपुस्तक घेऊन दारोदार जाणार. याने ते बंद करून जिन्याजवळच्या फळ्यावर क्यूआर कोड लावला. सत्तरीचे एक काका, जे त्याच्या आधी बरीच वर्षे खजिनदार होते, तेव्हाच म्हणाले होते, ‘अरे, पावती फाडायला दोन मिनिटं दारात उभं राहतो ना, तेव्हाच कळतं कोण आजारी आहे, कोणाकडे पोरगी पास झाली. पैसे काय, येतातच.’ त्याला ते जुन्या माणसाचे बोलणे वाटले. त्या वर्षी पाचशे एक देणाऱ्या घरांनी एकशे एक पाठवले, काहींनी काहीच पाठवले नाही, कारण दारात कोणी उभेच नव्हते. सजावटीचा खर्च कमी करावा लागला आणि विसर्जनाच्या रात्री ढोलपथकाला द्यायचे पैसे त्याने वडिलांकडून उसने घेतले.

पुढच्या वर्षी तो त्या काकांकडे गेला आणि त्यांना बरोबर घेऊन पुन्हा दारोदार फिरला. पावतीपुस्तक परत आले. क्यूआर कोड आता पावतीच्या मागे छापलेला होता. बोलायचे काकांनी, नोंद करायची याने, आणि पैसे रोख द्यायचे की फोनवरून ते घरमालकाने ठरवायचे. वर्गणी पूर्वीच्या पातळीवर आली आणि एरवी दिवाळीपर्यंत रेंगाळणारा हिशेब अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी फळ्यावर लागला.

दुसऱ्या मसुद्यात बँक गेली आणि हे सगळे आले. ‘नेतृत्व’ हा शब्द त्यात एकदाही नव्हता. वयाने तिप्पट मोठ्या माणसाला, ज्याच्यावर आपला काडीचा अधिकार चालत नाही, बरोबर कसे घ्यायचे. आपला निर्णय चुकला हे कोणत्या आकड्यावरून कळले. आणि चूक उमगल्यावर नवी गोष्ट टाकून न देता जुन्याशी कशी जोडली, या तिन्ही गोष्टी त्यातून न सांगता कळत होत्या. प्रवेश समितीला क्यूआर कोडचे कौतुक नसते. विसाव्या वर्षी चुकलेला आणि एकविसाव्या वर्षी ते ओळखलेला माणूस तिला त्यात सापडतो.

म्हणून लिहायला बसण्यापूर्वी पारितोषिकांची यादी बाजूला ठेवावी आणि दुसरी यादी करावी: माझ्या निर्णयामुळे दुसऱ्या कोणाचे काहीतरी बिघडले किंवा सुधारले, असे प्रसंग. बहुतेकांच्या या यादीत चार-पाचच प्रसंग निघतात. तेवढे पुरतात. त्यातला एक निवडून त्यात खोल जावे. प्रसंगातली माणसे त्यांच्या शब्दांत बोलू द्यावीत. आणि इंग्रजीत लिहिताना आधी ती गोष्ट घरी आईला सांगावी तशी मराठीत सांगून पाहावी. आई जिथे ‘मग?’ म्हणते तिथे निबंधात काहीतरी राहून गेलेले असते.

स्टॅनफर्ड अनेक वर्षांपासून एक प्रश्न विचारत आले आहे: तुमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे काय, आणि का? या प्रश्नातला ‘का’ हा खरा प्रश्न असतो. ‘शिक्षण’, ‘समता’, ‘कुटुंब’ यांपैकी काहीही लिहिले तरी चालते, पण ते महत्त्वाचे कधी आणि कशामुळे झाले, हे एखाद्या प्रसंगाने दाखवता आले नाही तर उत्तर कोणाच्याही नावावर खपेल असे होते.

ध्येयाच्या निबंधात उलट दोष आढळतो. इथे तरुण अर्जदार एकदम आभाळाला हात घालतात. बोरिवलीच्या एका मुलीने ‘भारतीय कृषिक्षेत्रात क्रांती’ घडवण्याचे ठरवले होते. तिच्या आजोळी, वेंगुर्ल्याला, काजू प्रक्रियेचा लहानसा कारखाना आहे हे तिसऱ्या भेटीत सहज बोलताना कळले. कच्ची काजू बी साधारण मार्च ते मेमध्ये बाजारात येते. छोट्या प्रक्रियाधारकाला वर्षभराचा माल त्या दोन-तीन महिन्यांत रोखीने घ्यावा लागतो आणि गर विकून पैसा मात्र वर्षभर हप्त्याहप्त्याने येतो. म्हणजे धंदा चांगला चालत असूनही हाती पैसा नाही, अशी अवस्था दर पावसाळ्यात येते. ही गाठ सोडवायची, त्यासाठी खेळत्या भांडवलाचे आणि पुरवठा साखळीचे शिक्षण हवे, आणि त्यापूर्वी दोन वर्षे लघुउद्योगांना कर्ज देणाऱ्या संस्थेत काम करायचे, असे तिने लिहिले तेव्हा ‘एमबीए का’ आणि ‘आत्ताच का’ या दोन्ही प्रश्नांची उत्तरे आपोआप मिळाली. क्रांती तिने काढून टाकली, आणि बरे केले.

लिहून देणाऱ्या सल्लागारांबद्दल आणि यंत्राकडून निबंध लिहून घेण्याबद्दल एवढेच सांगतो की, मुलाखतीत त्याच निबंधावर प्रश्न येतात आणि तिथे तुम्ही एकटे असता.

शिफारसपत्र

बहुतेक अमेरिकी संस्था दोन शिफारसपत्रे मागतात. आपल्याकडे यातली पहिली अडचण म्हणजे साहेबांचे ठरलेले वाक्य: ‘तूच लिहून आण, मी सही करतो.’ त्यांचा हेतू वाईट नसतो. वेळ नसतो आणि तुमच्यावर विश्वास असतो. तरी हे टाळावे. स्वतःविषयी स्वतः लिहिलेले पत्र निबंधासारखेच वाचले जाते, तीच शब्दकळा, तेच प्रसंग, आणि वाचणाऱ्याला ते कळते; शिवाय बहुतेक संस्थांच्या नियमांत ते बसत नाही. त्याऐवजी एक पान टिपण द्यावे: आपण एकत्र केलेली तीन कामे, त्यात तुम्ही काय केले, आणि त्यांनी तुम्हाला कधी काय सुनावले होते ते. शेवटचा मुद्दा मुलांना विचित्र वाटतो, पण सुधारण्यासारखे काय सुचवले आणि त्याने ते कसे घेतले, हा प्रश्न अनेक संस्थांच्या फॉर्मवर असतोच.

दुसरी अडचण पदाची. मोठ्या कंपनीच्या संचालकांचे पत्र मिळवण्यासाठी ओळखी काढल्या जातात आणि ते पत्र ‘हा होतकरू तरुण आहे’ यापलीकडे जात नाही. ज्यांनी तुमचे काम रोज पाहिले ते टीम लीडर, स्पर्धेच्या तयारीत तुमच्याशी भांडलेले प्राध्यापक, ज्या स्वयंसेवी संस्थेत तुम्ही दोन वर्षे शनिवारी गेलात तिथल्या ताई, यांचे पत्र कितीतरी वजनदार ठरते. डिफर्ड अर्जात एक पत्र प्राध्यापकांचे असणे स्वाभाविक आहे. दुसरे मात्र शक्यतो वर्गाबाहेर तुमचे काम पाहिलेल्या व्यक्तीचे घ्यावे.

नियमित अर्जाच्या पहिल्या फेरीची मुदत अमेरिकेत सप्टेंबरमध्ये येते, आणि गणपतीही बहुधा त्याच सुमारास. शिफारस देणारे जर कोकणातले असतील, तर ऑगस्टच्या अखेरीस ते गावी, आणि गावी वाडीवर नेटवर्क म्हणजे आंब्याच्या झाडाखालचा एक विशिष्ट दगड. त्यांना जूनमध्येच विचारावे, जुलैअखेर आठवण करावी आणि ते गाडीत बसण्यापूर्वी पत्र संस्थेच्या फॉर्ममध्ये भरून घ्यावे.

मुलाखत

मुलाखतीत वयाचा प्रश्न येतो, कधी उघड, कधी आडून: तुमच्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठ्या लोकांच्या वर्गात तुम्ही काय बोलाल? याला दिलगिरीचा सूरही नको आणि ‘वय हा फक्त आकडा आहे’ असली टाळीबाज उत्तरेही नकोत. आपण जवळून पाहिलेली एक गोष्ट सांगावी आणि मोठ्यांकडून काय ऐकायचे आहे तेही सांगावे.

आणखी एक गोष्ट आपल्या घडणीतून येते. मराठी घरांत ‘मी मी’ करणाऱ्याला लहानपणीच गप्प केले जाते, त्यामुळे आपली मुले स्वतःच्या कामाविषयीही ‘आम्ही केले’ असे म्हणतात. एरवी हा गुण आहे. मुलाखतीत मात्र समोरच्याला त्या ‘आम्ही’तून तुम्ही वेगळे काढता येत नाही. इतरांनी काय केले ते नावानिशी सांगावे आणि मग ‘माझ्याकडे हे होते’ असे सरळ म्हणावे. यात बढाई नाही.

पैसा आणि मुदत

हार्वर्डची नुसती शिकवणी फी वर्षाला ७५,००० डॉलरच्या वर आहे, राहणे-खाणे वेगळे. हा आकडा घरात निबंध लिहिण्यापूर्वी मांडावा, प्रवेश मिळाल्यावर नव्हे. हार्वर्डची मदत गुणवत्तेवर न मिळता आर्थिक गरजेवर मिळते, त्यामुळे पारितोषिके तिथेही उपयोगी पडत नाहीत. स्टॅनफर्डची रिलायन्स धीरूभाई फेलोशिप दरवर्षी जास्तीत जास्त पाच भारतीयांना मिळते आणि शिक्षणानंतर भारतात परतून किमान दोन वर्षे काम करण्याची अट तिला आहे. मुंबईतच १८९२ मध्ये स्थापन झालेली जे. एन. टाटा एंडोमेंट कर्ज-शिष्यवृत्ती देते, के. सी. महिंद्रा ट्रस्टची बिनव्याजी कर्ज-शिष्यवृत्तीही परदेशी पदव्युत्तर शिक्षणासाठी आहे. डिफर्ड प्रवेश घेणाऱ्यांना मधल्या वर्षांत स्वतः थोडी शिल्लक टाकता येते, हा त्या मार्गाचा दुर्लक्षित फायदा.

मुदत पाळताना घड्याळ त्यांचे असते हे विसरू नये. हार्वर्डची मुदत तिथल्या दुपारी बाराची असते. ती मुंबईत सप्टेंबरमध्ये रात्री साडेनऊला आणि जानेवारीत साडेदहाला संपते. अर्ज दोन दिवस आधी पाठवावा, पाठवलेल्या अर्जाची पीडीएफ उतरवून ठेवावी आणि तिचा एक प्रिंट काढावा. नकार आला आणि पुढे पुन्हा अर्ज करायचा झाला, तर संस्था साधारणपणे मधल्या काळात काय बदलले असे विचारतात. तेव्हा तो प्रिंट समोर ठेवून, जुन्या अर्जात नव्हते असे काय घडले, एवढेच लिहायचे असते.